करदोडेवाल्या सिस्टर

"शरीर आलंय. माणूस अजून रिक्षातच आहे."

नवा पेशंट वॉर्डात आला की सिस्टर त्याच्याकडे एकदा नीट बघायच्या आणि एवढं बोलून पुढच्या कामाला लागायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाई त्या बिचाऱ्याची टिंगल करतायत. पुढे लक्षात आलं की हे त्यांचं निदान असायचं, आणि आम्हा डॉक्टरांच्या निदानांपेक्षा ते कमी वेळा चुकायचं.

नेरूळच्या एका खासगी हॉस्पिटलात मी तेव्हा आरएमओ होतो. म्हणजे मोठे डॉक्टर राउंड घेऊन निघून गेले की ते परत येईपर्यंत वॉर्ड सांभाळणारा डॉक्टर. माझी पदवी आयुर्वेदाची आणि काम सगळं ॲलोपॅथीचं. आपल्याला कोणी कच्चा समजू नये म्हणून मी इतरांपेक्षा चार नियम जास्तच पाळायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ माझ्या या स्वभावात आहे.

सिस्टर ऑपरेशनच्या आधीच्या खोलीच्या इन-चार्ज होत्या. पन्नाशी केव्हाच उलटलेली, उंच, हाडकुळ्या. बाकीच्या नर्स निळ्या पँट-शर्टात वावरायच्या, या मात्र पांढऱ्या साडीत, आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. साडीवर खिशांचा एप्रन. एका खिशात कात्री आणि चिकटपट्टी, दुसऱ्या खिशात काळ्या दोऱ्याचं रीळ. त्या रिळामुळेच हॉस्पिटलभर त्यांचं नाव 'करदोडेवाल्या सिस्टर' पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "नर्स म्हणून कोणी ओळखत नाही, निदान दोऱ्यानं तरी ओळखतात," असं म्हणायच्या.

करदोडा म्हणजे पुरुषाच्या कमरेचा काळा दोरा. बारशाला जो बांधतात तो जन्मभर असतो. जुना विरला की आधी नवा बांधायचा, मगच जुना काढायचा. कंबर क्षणभरही रिकामी ठेवायची नाही, कारण रिकामी कंबर फक्त मेलेल्याची. सरणावर ठेवताना करदोडा तोडतात. आमच्या देशावर हे कोणी शिकवत नाही, सगळ्यांना आपोआप माहीत असतं. आणि हॉस्पिटलात काय होतं? ऑपरेशनची तयारी करताना कोणीतरी कात्री घेऊन येतं आणि गप्पा मारता मारता तो कापून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकतं.

सिस्टरांच्या खोलीत हे होत नसे. पेशंट आला की त्या आधी पलंगाच्या दांड्यावर बोटानं टकटक करायच्या, माणूस बेशुद्ध असला तरी. मग विचारायच्या, "अंगावर काय आहे? आणि कोणी बांधलंय?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा. ताईत आहे एवढं कळून भागत नसे. तो आईनं बांधला, दर्ग्यातून आणला, की परदेशी गेलेल्या मुलानं जाताना दंडाला बांधला, हे कळल्याशिवाय त्यांचं पुढचं काम सुरू व्हायचं नाही. करदोडा असेल तर रिळाचा दोरा काढायचा, स्पिरिटनं पुसायचा, नवा बांधायचा आणि मग जुना कापून पेशंटच्या नातेवाइकाच्या हातात द्यायचा. पोटाचं ऑपरेशन असलं तर नवा दोरा कमरेऐवजी छातीवर, बगलेखालून बांधायच्या.

"असं चालतं का?" मी एकदा विचारलं.

"चालतं. मी विचारलंय."

"कोणाला? भटजीला?"

"पेशंटला," सिस्टर म्हणाल्या. "कंबर त्याची आहे."

आमच्या भरतीच्या फॉर्मवर शेवटून दुसरा रकाना होता, 'रुग्णाच्या आध्यात्मिक गरजा'. हॉस्पिटलला दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या मानांकनवाल्यांना तो लागायचा. पुढे दोन चौकोन, 'आहेत' आणि 'नाहीत'. सगळे जण डोळे मिटून 'नाहीत'वर खूण करायचे. पेशंटला विचारायची सोयच नव्हती. पोटात कळा येणाऱ्या माणसाला 'तुमच्या आध्यात्मिक गरजा काय?' असं कोण विचारणार? सिस्टर मात्र त्या चौकोनांना हात न लावता कडेच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात मराठीत लिहायच्या. 'उजव्या दंडाचा ताईत बहिणीनं बांधला. बहीण वारली. काढू नये, वर सरकवावा.' 'देव मानत नाही. नातीचा आवाज फोनवर ऐकल्याशिवाय भूल घेणार नाही.' आणि एकदा, 'काही नको म्हणतो. तासाभरानं परत विचारणे.'

हे वाचून मी आणि माझ्यासारखे दोघेतिघे खूप हसायचो. आज त्यातला एकही कागद माझ्याकडे नाही याचं वाईट वाटतं.

सिस्टर गोड मुळीच नव्हत्या. नातेवाइकांवर खेकसायच्या, नर्सिंगच्या मुलींना रडवायच्या. एकदा कोणीतरी अंगारे-धुपाऱ्याचा एक भगत वॉर्डात आणला. आम्हाला वाटलं, आता सिस्टर त्याला पाट देतील. त्यांनी त्याला बेसिनपाशी नेलं, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले, नखं तपासली, परत धुवायला लावले, डोक्यावर टोपी आणि तोंडावर मास्क चढवला. तोवर भगताचा अवतार उतरला होता. "मी नंतर येतो," म्हणून तो गेला तो गेलाच.

सारसोळ्याची एक म्हातारी कोळीण आली होती. दोन्ही हात मनगटापासून अर्ध्यापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरलेले, आणि सलाइनला शीर सापडेना. एक मुलगी म्हणाली, "फोडून टाकू या का?" सिस्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती मागे सरली. "फोडायच्या नसतात. वाढवायच्या असतात. तेही मालकीणबाई म्हणाल्या तर." मग साबणाचं पाणी घेऊन बसल्या आणि एकेक बांगडी हातातून उतरवली. म्हातारी कण्हत म्हणाली, "माजे डोल्यासमोर ठेव गो बाय, मना दिसाला पायजेत." सिस्टरांनी सगळ्या बांगड्या रुमालात बांधून सलाइनच्या दांड्याला टांगल्या. चार दिवस बाटलीशेजारी ते गाठोडं लटकत होतं आणि म्हातारी बाटलीकडे नाही, त्याच्याकडे बघत पडून होती.

एवढं सगळं दुसऱ्याच्या दोऱ्या-बांगड्यांचं कौतुक, पण सिस्टरांच्या स्वतःच्या अंगावर सूतसुद्धा नव्हतं. गळा मोकळा, हात मोकळे. मला वाटे, यातच त्यांचं ढोंग आहे. एकदा मी खोचकपणे म्हणालो, "तुमचा स्वतःचा विश्वास दिसत नाही यावर."

"नाहीच," त्या म्हणाल्या. "आम्ही महाडकडचे बौद्ध. वाडीनं दीक्षा घेतली तेव्हा बापानं घरातल्या सगळ्यांचे गंडेदोरे सोडले. सोडले हं, तोडले नाहीत. पायरीवर बसून एकेक गाठ नखानं सोडवत होता. त्याला पटलं, त्यानं सोडलं. या खाटेवरच्या माणसाला पटलंय का? नाही ना? मग तुम्ही कात्री घेऊन कोण?"

मी मनात राग धरला. नर्सनं डॉक्टरला 'तुम्ही कोण' म्हणावं, हे मला झोंबलं होतं.

मानांकनाची तपासणी जवळ आली तेव्हा फाइली नीट करायचं काम माझ्याकडे आलं. ही संधी मी सोडली नाही. ऑपरेशनपूर्वी पेशंटच्या अंगावर नवा दोरा बांधणं जंतुसंसर्गाच्या नियमांत बसत नाही, त्यात वेळ जातो, फॉर्मवर रकान्याबाहेर लिहिलं जातं, वगैरे मुद्दे घालून मी एक पानभर पत्र इंग्रजीत टाइप केलं आणि संचालकांना दिलं. पत्रातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. संचालकांनी सिस्टरांना 'तात्पुरतं' तळघरातल्या चादरींच्या स्टोअरला पाठवलं. जाताना त्यांनी रीळ खोलीच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "इथं आहे. लागलं तर घ्या." कोणी तक्रार केली हे त्यांना ठाऊक होतं. माझ्याशी बोलणं त्यांनी तोडलं नाही, आणि मला ते जास्त जड गेलं.

त्यानंतर महिनाभरानं घडलेली गोष्ट. भर दुपारी वाशीच्या मार्केटातून चार माथाडींनी आपल्या एका सोबत्याला टेम्पोतून आणलं. साठीच्या आसपासचा, साताऱ्याकडचा माणूस. उभा जन्म कांद्या-बटाट्याच्या गोण्या पाठीवर वाहिलेल्या. जुना हर्निया होता, त्यात आतडं अडकलेलं. लगेच ऑपरेशन करायला हवं होतं. सर्जन बेलापूरहून निघाले होते आणि तयारी मला करायची होती. ऑपरेशन जांघेतलं, आणि कमरेचा करदोडा बरोबर मध्ये येत होता.

मी कात्री घेतली तशी त्यानं दोन्ही मुठींनी दोरा धरला.

"आदी दुसरा बांदा, डाक्टर. मग तोडा."

"काका, वेळ नाहीये."

"हाय की वो. येवढासा दोरा."

रीळ ड्रॉवरमध्ये होतं, माझ्यापासून दोन हातांवर. दोरा बांधायला किती वेळ लागतो? पण मीच लिहिलेल्या पत्राच्या विरुद्ध, नर्सिंगच्या मुलींसमोर, मी ते रीळ काढणार होतो का? मी त्याची बोटं एकेक करून बाजूला केली आणि दोरा कापला. तो ओरडला नाही. त्यानं हात सैल सोडले आणि वर बघत राहिला. तेवढ्यात सर्जन आले.

ऑपरेशन उत्तम झालं. आतडं वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याला उठवून चालवायचं होतं, कारण पडून राहिलं की पायात रक्ताच्या गाठी होतात. तो उठेना. दुखतं म्हणून नाही. "आता कशाला?" एवढंच विचारायचा. जेवणाचं ताट तसंच परत जायचं. मी रागावलो, समजावलं, त्याच्या सोबत्यांकडून सांगवलं. गोळ्या-इंजेक्शनं चालू होती, फिजिओथेरपीची मुलगी पाय हलवून जायची. पण त्याच्या लेखी हिशेब मिटला होता. तोडला होता ना करदोडा.

चादरी द्यायला वर आलेल्या सिस्टरांना आयांकडून हे कळलं. तळघराच्या नेमणुकीत वॉर्डातल्या पेशंटला हात लावायची परवानगी त्यांना नव्हती. तरी त्या त्याच्या खाटेपाशी गेल्या, दांड्यावर टकटक केली आणि ड्रॉवरमधलं रीळ मागवून दोरा काढला. त्यानं मान हलवली. "आता नगं, बाई. तोडल्यावर बांदत न्हाईत." सिस्टर थोडा वेळ तशाच दोरा धरून बसल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "डॉक्टर, कायपण करा, पण त्याला चालवा." त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला विनवणीचा वाटला.

चौथ्या दिवशी सकाळी आयांनी त्याला आधार देऊन बसवलं आणि बसल्या जागी तो गेला. पायातली गाठ फुप्फुसात गेली होती. कागदावर मी तेच लिहिलं आणि ते खरंच होतं. चालणाऱ्या माणसांनाही अशा गाठी होतात, हे मी स्वतःला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. पण त्याला चालायचं नव्हतं आणि ते कशामुळे, हे मला माहीत आहे.

त्याची बायको गावाहून आदल्याच दिवशी आली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं होतं, फक्त कोणी केलं ते सांगितलं नव्हतं. कदाचित माझं नाव त्याला माहीत नसेल. ती नर्सिंग काउंटरपाशी आली. रडत नव्हती. मागे मुलगा उभा होता, न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवणारा.

"आमच्या मालकांचा करदोडा कुनी तोडला?"

मी मृत्यूच्या कागदांवर सह्या करत होतो. मान वर न करता म्हणालो, "माहीत नाही. ऑपरेशनच्या आधी काढतात. नियम आहे तसा."

"तोडायचा त्यो पोरानं तोडायचा असतोय, मेल्यावर. जित्या मान्साचा कुनी तोडला?"

"मी तोडला," मागून आवाज आला.

सिस्टर होत्या. मृतदेहावर घालायला नवी चादर घेऊन आल्या होत्या. ज्या बाईनं उभ्या नोकरीत नवा बांधल्याशिवाय कोणाचा करदोडा तोडला नाही, ती सगळ्यांसमोर म्हणाली, मी तोडला. त्याची बायको सिस्टरांवर तुटून पडली. "तुज्या हाताला किडं पडतील, भवाने! जिता माणूस मारलास तू." सिस्टर चादर छातीशी धरून ऐकत राहिल्या. काउंटरवरच्या सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी सह्या करत होतो.

मुलानं तक्रार दिली. चौकशीतही सिस्टरांनी तेच सांगितलं. त्या तेव्हा तळघरात होत्या हे संचालकांना माहीत होतं, पण त्यांना एक नाव हवं होतं आणि ते मिळालं होतं; मला कोणी बोलावलंच नाही. निवृत्तीला काही महिने उरले असताना त्यांना राजीनामा द्यायला लावला. शेवटच्या दिवशी मी तळघरात गेलो. त्या चादरींच्या घड्या मोजत होत्या.

"सिस्टर, तुम्ही असं का केलंत?"

"तुम्ही 'माहीत नाही' म्हणालात," त्या म्हणाल्या. "नवरा गेलाय तिचा. शिव्या द्यायला समोर माणूस लागतो की नाही? 'माहीत नाही'ला कोण शिव्या देणार?"

"मी आता जाऊन खरं सांगतो."

"सांगा की."

एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा घड्या मोजू लागल्या. मी जिना चढून वर आलो. संचालकांची खोली डाव्या हाताला होती. मी उजवीकडे वळून वॉर्डात गेलो.

मग मी ते हॉस्पिटल सोडलं आणि कोपरखैरण्यात स्वतःचा छोटा दवाखाना टाकला. तिथे माथाडींची वस्ती मोठी. दोनेक वर्षांनी त्या गेलेल्या माथाडीची बायको रक्तदाबासाठी आली. तिनं मला लगेच ओळखलं. मी घाबरलो, पण ती म्हणाली, "तुमी त्या दवाखान्यातलं ना? तुमी बरं मानूस. तवा तुमी वाईट बोलला न्हाय." दर महिन्याला यायची. गोळ्या लिहून घेताना कधीतरी विषय निघायचाच, आणि ती सिस्टरांना यथास्थित शिव्याशाप द्यायची. मी चिठ्ठी लिहीत राहायचो. वर्षामागून वर्षं मी असा चिठ्ठ्या लिहीत राहिलो.

सिस्टर महाडकडे भावाच्या घरी राहायला गेल्या होत्या. जाऊन भेटावं असं खूपदा वाटलं. इथून महाड काही लांब नाही. या वर्षी दिवाळीनंतर आमच्या जुन्या वॉर्डातल्या आयाबाईचा फोन आला की सिस्टर गेल्या. मी त्या दिवशी दवाखाना बंद ठेवला. बाकी काही केलं नाही. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात माथाडीची बायको नेहमीसारखी आली. मी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि हवा भरत असतानाच ती म्हणाली, "त्या बाईच्या हाताला अजून किडं पडलं नसतील तर देव न्हाईच म्हनायचा."

"मावशी," मी म्हणालो, "तो करदोडा त्यांनी नाही तोडला. मी तोडला."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमी?"

"मीच. त्या तिथं नव्हत्याही. सगळं त्यांनी स्वतःवर घेतलं."

आता ती मला शिव्या देईल, या आशेनं मी खुर्चीत बसून राहिलो. आशाच म्हणतो, कारण इतक्या वर्षांत मला तेवढंच हवं होतं. पण तिनं पदर तोंडाला लावला.

"मी लई बोलले वो तिला. रोज सकाळी दिवा लावताना बोलते. आज बी बोलले." मग एकदम सरसावून म्हणाली, "कुठं ऱ्हाती ती? मला घिऊन चला. पाया पडते तिच्या."

"त्या गेल्या, मावशी. दिवाळीनंतर."

तिनं पदर खाली घेतला. मग अगदी हळू आवाजात, खरंच कळत नसल्यासारखं तिनं विचारलं, "मग आता मला कशापायी सांगितलं, डाक्टर?"

मी पट्टा सोडला. चिठ्ठी न घेताच ती उठून गेली, आणि त्यानंतर ती माझ्याकडे आलेली नाही.